४१७ नंबरचा बॉक्स

आमच्या धंद्यात एक नियम आहे. आधी बघायचं, मग धुवायचं. सोळा वर्षांत मी तो एकदाही धड पाळला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातनंच आलंय.

धंदा म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स नव्यानं बांधायचा. विंडसरला फर्निचरच्या एका गोदामामागं आमचं दोन शटरचं दुकान आहे. बॉक्स आला की तो पार उघडायचा, आतले दोनेकशे भाग सुटे करायचे, धुवायचे, तपासायचे, झिजलेले फेकून नवे घालायचे आणि परत बांधायचा. बांधणं माझ्या नवऱ्याचं, जयदीपचं काम. धुणं-तपासणं माझं, अरुणाचं. कॅनडात येऊन बाईनं काय केलं तर लोखंडाची धुणी धुतली, असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे.

जयदीप म्हणायचे, घाण म्हणजे पंचनामा. तेल काळं आहे की जळकं, मॅग्नेटला किती भुगा चिकटलाय, कुठल्या भागावर कुठल्या अंगाला ओरखडा आहे, हे सगळं घाणीत लिहिलेलं असतं. धुतलं की बॉक्सचं तोंड बंद. मला पटायचं सगळं, पण घाण दिसली की माझा हात आपोआप ब्रशाकडं जायचा. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

दुसरा नियम कापडाचा. बॉक्सच्या पोटात व्हॉल्व्ह बॉडी म्हणून ॲल्युमिनियमची एक पाटी असते. तिच्यात बारीक वाटाच वाटा, आणि त्या वाटांत पेन्सिलीएवढे व्हॉल्व्ह मागंपुढं सरकून तेल कुठं जायचं ते ठरवतात. केसाएवढा धागा जरी आत गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो आणि भर रस्त्यात गिअर जातो. म्हणून कागदानंच पुसायचं, कापडानं कधीच नाही. जयदीप इचलकरंजीचे, लूमवाल्याचा मुलगा, लहानपणापासून नाकातोंडात धागे गेलेले. धाग्यावर त्यांचा आधीच राग.

तिसरा नियम त्यांनी स्वतः घातलेला, तो कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही. बॉक्समधल्या ड्रमच्या, म्हणजे पोलादी गोल डब्याच्या आत क्लचच्या चकत्यांची चवड जागेवर धरून ठेवायला सर्क्लिप असते, म्हणजे एका जागी तुटलेली स्टीलची कडी. ती ड्रमच्या खाचेत पुरी बसायला लागते, नाहीतर निसटते आणि गिअर जातो. जयदीप ती बसवायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावरनं गोल फिरवायचे आणि विचारायचे, "बसली?" मग मी वाकून बघायची आणि म्हणायची, "बसली." माझं बसली आल्याशिवाय पुढचा भाग चढायचा नाही. एका बॉक्सला सात-आठ वेळा तरी हे चालायचं, आणि मला त्याचा वैताग यायचा.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आमचं भांडण झालं. एका गिऱ्हाइकाला आपला बॉक्स का गेला ते डोळ्यांनी बघायचं होतं, आणि मी तो आधीच लखलखीत धुऊन ठेवला होता. जयदीप त्या माणसासमोरच म्हणाले की हिला भांडी घासायला ठेवायला पाहिजे होती. मराठीत म्हणाले. त्या गोऱ्याला काही कळलं नाही, पण मला कळलं ना! मी तोंड शिवून घेतलं. मग तेही हट्टाला पेटले.

त्या दिवशी टेबलावर एका व्हॅनचा बॉक्स होता, नंबर ४१७. दिवसभर आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. त्यांना भाग हवा असला की ते प्लास्टिकच्या हातोडीनं टेबलावर दोनदा वाजवायचे, टक टक, आणि मी न बघता ट्रे पुढं सरकवायची. दुपारी पुसायचे कागद संपले. एरवी मी त्यांना आणायला पिटाळलं असतं, पण बोलायचं कसं? वॉशरूममध्ये सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे होते, फरशी पुसायला इचलकरंजीहून आणलेले. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. मी त्यातलंच एक घेतलं आणि व्हॉल्व्ह बॉडी पुसली.

चार वाजता ते ती व्हॅन चालवून बघायला फोर-ओ-वन हायवेवर घेऊन गेले. मधल्या लेनमध्ये व्हॅनचा गिअर गेला. इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मंदावली, असं मागच्या एका गाडीतल्या बाईनं पोलिसांना सांगितलं. तिच्याही मागं ट्रक होता. ती बाई बाजूला झाली, ट्रकला होता आलं नाही.

माझ्या कानात त्यांचं शेवटचं काही असेल तर त्या दोन टकटकी. कागदोपत्री लिहिलं गेलं की यांत्रिक बिघाड, कारण तपासलं नाही. व्हॅन विमावाल्यांनी भंगारात काढली. लुगड्याच्या तुकड्याचं मी कुणालाच सांगितलं नाही, अवनीला तर नाहीच. अवनी म्हणजे आमची मुलगी, रिचमंड हिलला इंजिनिअर आहे. ट्रकवाल्यांच्या वकिलानं विचारलं होतं की तुमच्या वडिलांच्या कामात चूक असेल का, तेव्हा ही पोर टेबलावर हात आपटून म्हणाली होती, "माय डॅड नेव्हर बिल्ट अ बॅड बॉक्स." बापाचा फटी मोजायचा गेज ती अजून किल्ल्यांना लावून फिरते. मी तिच्या शेजारी बसून टेबलावरचे कागद सरळ करत होते. तीन वर्षं एकच प्रश्न मला कुरतडत होता, मी मारलं का त्यांना?

तर ह्या फेब्रुवारीत, गुरुवारी, भंगारवाल्याचा ट्रक आला. जुने बॉक्स आम्ही तिथनंच घेतो, सहा-सहाच्या लॉटमध्ये. बाहेर उणे चौदा होतं. पाच बॉक्सवर बोटभर बर्फ, सहाव्यावर कणही नाही. मी हात लावला तर तो कोमट होता, नुकताच गाडीतनं उतरवावा तसा. आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगाच्या पेननं लिहिलं होतं, ४१७. मराठी आकड्यात. अख्ख्या ओंटारिओत बॉक्सवर मराठी आकडे घालणारी एकच बाई आहे.

शिवाजीरावांनीही पाहिलं. ते साताऱ्याकडचे, इथल्या गाड्यांच्या कारखान्यातनं रिटायर झालेले. जयदीप गेल्यापासून बांधायचं काम तेच करतात. जयदीप बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ ओढायचे, तो नंतर कुणी सैल केला तर रेघ मोडलेली दिसावी म्हणून. शिवाजीरावांनी बॅटरी मारून एकेक रेघ बघितली. एकही मोडलेली नव्हती. ते म्हणाले, "वहिनी, परत पाठवू. भंगारात तीन वर्षं पडलेलं लोखंड गरम राहत नसतं." मी म्हटलं टेबलावर चढवा. त्यांनी चढवला, हात धुतले, आणि त्या दिवसापुरतं ते दुसऱ्या टेबलावर काम करत राहिले.

संध्याकाळी मी अवनीला फोनवर सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, सांगून झाल्यावर कळलं काय केलं ते. तिनं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली की सोमवारी फॅमिली डेची सुट्टी आहे, दुकान बंद असेल, तेव्हा शांतपणे उघड, मी पाच वाजता फोन करते. आणि शेवटी म्हणाली, "जस्ट डोंट वॉश इट फर्स्ट, मॉम. प्लीज."

शुक्रवारी सकाळी मी शटर वर केलं तर बॉक्सचा तेल साठवणारा खालचा पॅन निघालेला होता. पॅन धुवायच्या मशीनमध्ये जाळीवर उपडा पडलेला, चकाचक. भुगा पकडणारं मॅग्नेट पुसून शेजारी ठेवलेलं. पॅनचे बोल्ट एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ओळीनं खोचलेले, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी. जयदीप असंच करायचे. पुठ्ठा आंब्याच्या पेटीचा होता. फेब्रुवारीत विंडसरमध्ये आंब्याची पेटी कुठनं येणार? जयदीप उन्हाळ्यात ब्रॅम्पटनहून पेट्या आणायचे आणि त्यांचे पुठ्ठे जपून ठेवायचे, ते सगळे मी त्यांच्यामागं टाकून दिले होते.

शिवाजीरावांना विचारलं तर ते म्हणाले की मी काल तुमच्या आधी निघालो, किल्ली तुमच्याकडं. खरंच होतं ते. ते पुठ्ठ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले की सोमवारी सोबत हवी असेल तर येतो. नको म्हटलं. त्यांच्यासमोर धागा निघाला असता तर मी तोंड कुठं लपवलं असतं?

शनिवारी भर दुपारी मी एकटीच डबा खात बसले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, बर्फावर डोळे ठरत नव्हते. धुवायच्या मशीनचा पंप आपोआप सुरू झाला. नळीतनं सॉल्व्हंट, म्हणजे धुवायचं रसायन, पडायला लागलं, मोकळ्या जाळीवर. मी जाऊन बटण बंद केलं. हात पुसत वळले आणि बॉक्सच्या टेबलावर वाजलं. टक टक.

पुसायचा कागद माझ्या हातातनं पडला. मानेवरचे केस उभे राहतात म्हणतात, ते खरंच राहतात. दुकानात मी, रेडिओ बंद, आणि टेबलावर प्लास्टिकची हातोडी जागच्या जागी. मी तशीच डबा न झाकता बाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले. रडले भरपूर.

रडता रडता एक गोष्ट मात्र डोक्यात आली. ज्या माणसानं जन्मभर बघ, बघ करून माझं डोकं खाल्लं, तो आता धू म्हणतोय. पॅन धुऊन ठेवतोय, मॅग्नेट पुसतोय, पंप लावून देतोय. का? तर माझी चूक झाकायला. सगळं धुतलं की धागा वाहून जाईल, मग कुणाला काही कळणार नाही, ना अवनीला, ना मला. मेल्यावर तरी नवरा शहाणा झाला, असं मला वाटलं. आणि इतकी माया आली की सांगता सोय नाही. पण मी त्यांचीच बायको. मनाशी ठरवलं की नाही, तुम्ही कितीही पंप लावा, मी बघणार. जे असेल ते अवनीला सांगणार.

सोमवारी दहाला दुकान उघडलं. शटर अर्धं खाली ठेवलं. बॉक्स अजून कोमट होता. पिवळ्या रेघा मोडत मी व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट काढले आणि ती पाटी हातात घेतली. पंप सुरू झाला. मी म्हटलं, चालू दे. दोन मिनिटांनी टक टक. मी म्हटलं, वाजवा.

एकेक व्हॉल्व्ह बाहेर काढला. भिंगाखाली धरला. पाटी उजेडाकडं तिरकी केली, म्हणजे धागा असेल तर चमकावा. पहिला मोकळा. दुसरा मोकळा. एकूण अकरा व्हॉल्व्ह, अकराही आपल्या वजनानं अलगद घसरत होते. वाटांत तेल होतं, लालभडक, कालच भरल्यासारखं, आणि तेलात काही नव्हतं. धागा नाही, तूस नाही. दुसऱ्यांदा बघितलं. मग देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा बघितलं.

मी नव्हतं मारलं. मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यांदा म्हटलं, "अहो, माझं लुगडं नव्हतं!" तीन वर्षांनी छातीवरचा दगड उतरला. हसायलाच यायला लागलं. पंप मात्र चालूच होता. उलट टेबलावरचं वाजणं वाढलं, टक टक, थांबून पुन्हा टक टक, घाई असल्यासारखं. आता कसली घाई? मी सुटले होते ना?

मग मी उठले आणि बॉक्सच्या तोंडाशी असतो तो तेलाचा पंप काढला, ड्रम बाहेर ओढला. ओढतानाच आतल्या चकत्या खुळखुळल्या. चकत्या खुळखुळायला नकोत, सर्क्लिपनं दाबून धरलेल्या असतात त्या. सर्क्लिप वाकडी होऊन तळाशी पडली होती. मोडून पडली असेल, मला वाटलं. अपघातात एवढा मार बसला.

ड्रम उजेडात धरला. कडीची खाच कोरी होती. मशीननं कापल्यावर असते तशी, कडेला धार, आत घासल्याची खूण नाही. आणि खाचेच्या वर, करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर, ड्रमच्या भिंतीवर गोल काळपट घासलेली रेघ. कडी तिथं बसली होती. खाचेत ती कधी गेलीच नव्हती. खाचेच्या वर अडकून राहिली, गाव ओलांडेपर्यंत टिकली, आणि फोर-ओ-वनवर जोर आला तेव्हा निसटली.

घाण म्हणजे पंचनामा. लिहिलेलं स्पष्ट होतं. कडी बसवणारे हात एकच.

मग माझं डोकं फिरलं. मी त्या रिकाम्या दुकानात उभी राहून ओरडले, "तीन वर्षं जळतेय मी! पोरीच्या डोळ्याला डोळा देत नाहीये! आणि तुम्ही इथं येऊन पंप लावताय, ते माझ्यासाठी नाही, तुमच्या स्वतःसाठी? लाज वाटली होय आता?" पंप बंद पडला. टकटक थांबली. इतकं शांत झालं की कोपऱ्यातल्या हीटरची जाळी तडकल्याचा आवाज आला. खरं सांगते, त्या शांततेची मला आधीच्या आवाजापेक्षा जास्त भीती वाटली.

ड्रम हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. राग ओसरला तशी नजर स्टुलाकडं गेली. टेबलाच्या ह्या बाजूचं माझं स्टूल. त्या शुक्रवारी मी इथंच बसले होते, त्यांच्याकडं पाठ करून. कडी बसवली तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर फिरवला असणार. सवयीनं तोंडाशी आलंही असणार, बसली? पण आमचं बोलणं बंद. मग त्यांनी काय केलं असेल? टक टक.

ती टकटक मला आठवली. सकाळी दहाच्या सुमाराची. ट्रे त्यांच्याकडंच होता, भाग सगळे दिलेले होते, तरी त्यांनी वाजवलं. मी मनात म्हटलं, आता काय पाहिजे ह्यांना, आणि मान वळवली नाही. त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं होतं. ते भाग मागत नव्हते. मी वाकून बघावं म्हणून बोलवत होते.

देवा रे. दोन पावलं होती. वाकून बघायला दोन सेकंद लागतात.

साडेचार वाजत आले होते. मी ड्रम घेतला, चकत्या घेतल्या, वाकडी कडी घेतली, व्हॉल्व्ह बॉडी, पॅन, सगळं मशीनपाशी नेलं आणि पंपाचं बटण स्वतः दाबलं. ब्रश घेऊन ती काळपट रेघ घासली. सॉल्व्हंटनं जाईना, मग बारीक पॉलिश पेपर घेतला आणि भिंत आरशासारखी होईस्तोवर घासली. बोटं गारठली. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाच्या नावानं बोंब मारायची?

फडताळातनं नवी कडी काढली. ड्रम टेबलावर ठेवला, त्यांच्या बाजूला. कडी आत सोडली, दाबली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावरनं गोल फिरवलं. मग स्टुलावर येऊन बसले, ह्या वेळी तोंड त्या बाजूला करून, आणि थांबले.

टक टक.

आवाज मोठा नव्हता. मी उठले, दोन पावलं गेले आणि वाकून बघितलं. कडी सगळीकडनं खाचेत होती.

"बसली," मी म्हटलं.

माझ्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. गरम, तेलाचा वास असलेला. मी मान वळवली नाही. बॉक्सच्या रिकाम्या खोक्यावर हात ठेवला तर ते हळूहळू गार होत होतं, आणि मी हात ठेवला तेवढ्या वेळात पार थंडगार झालं.

पाचला फोन वाजला. अवनीनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "व्हॉट वॉज इट, मॉम?"

दोन्ही उत्तरं माझ्या जिभेवर होती. एकात तिच्या बापाचं नाव बुडत होतं, दुसऱ्यात माझं. मी म्हटलं, "काही कळायचं नाही गं आता. मी आधी धुतलं."

तिकडं तिचा आवाज फुटला. "यू ऑल्वेज डू दिस! आय आस्क्ड यू वन थिंग. डॅड वुड बी सो मॅड ॲट यू."

"नाही रागवायचे," मी म्हटलं. तिनं फोन ठेवून दिला. चार दिवस बोलणार नाही आता, बापावर गेलीय. ह्या वेळी मी वाट बघत बसणार नाही, उद्या सकाळी मीच फोन करीन.

पंप बंद करायला गेले तर तो आधीच बंद होता. जाळीवर सगळे भाग निथळायला मांडलेले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. मी ते तसे मांडले नव्हते. त्यांच्याखाली ओल टिपायला, चार घड्या घालून, सासूबाईंच्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला होता.